हिचे बुकमार्क

सालवडच्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि बायकोसमोर छोटंसं भाषणही ठोकलं. टाळ्या तिनेच वाजवल्या. दुसरं कुणी नव्हतंच. ब्राउझरमध्ये दोघांची दोन खाती केली. एकावर माझा फोटो, दुसऱ्यावर तिने निवडलेलं पिवळं फूल.

मग मी माती खाल्ली. साताऱ्याहून पाहुणे आले असताना तिचं खातं उघडलं आणि तिचे बुकमार्क बातम्यांसारखे वाचून दाखवले. "पंधरा दिवसांत पोट कमी करा! इंग्रजी बोला, न घाबरता!" पाहुणे लोळून हसले. ही स्वयंपाकघरात गेली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

माफी मागायची तर तीही वाजतगाजत. आमच्या कारखान्यात मोटर दुरुस्तीला घेतली की स्विचला लाल टॅग लावतात. ज्याने लावला त्यानेच काढायचा. मॅनेजर आला तरी हात लावत नाही. तसला एक कोरा टॅग मी घरी आणला, तिच्या हातात दिला आणि उठाबशा काढल्या. तिने त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, तो मॉनिटरला बांधला आणि म्हणाली, "आता बघू तुमची शिस्त."

शिस्त पाळली. ती होती तोवर पाळली आणि मागच्या वर्षी ती गेली, त्यानंतरही पाळली. फुलाला हात लावला नाही. बघत मात्र रोज होतो.

यंदा कॉम्प्युटर अगदीच दमला. मेंटेनन्समधला माझा जोडीदार, घिवलीचा, म्हणाला, जुनी विंडोज पुसून लिनक्स टाकू. सुट्टीच्या सकाळी तो सगळं सामान आणि वर पिशवीभर सुके बोंबील घेऊन हजर झाला.

"बुकमार्क काढून ठेवलंस ना?"

"फाइल पेन ड्राइव्हवर आहे."

"सगलं? मागून माज्या नावानं बोंबलायचं नाय हां."

"अरे, चेकलिस्ट केलीय! खाली सहीसुद्धा आहे."

"तुजी चेकलिस्ट! मंग दाबू बटण?"

"दाब, महाराजा!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

फाइल मी माझ्या खात्यातून काढली होती. ब्राउझर एकच, म्हणजे दोघांचंही त्यात आलं, असं धरून चाललो. तिचं खातं एकदा उघडलं असतं तर तिथेच कळलं असतं. पण टॅग तिचा होता.

नवा पडदा उजळला. फाइल आत घेतली. क्रिकेट, मोटर वाइंडिंग, टक्कल, पुन्हा टक्कल. संपलं. मी चार वेळा वरखाली केलं. पुसलेल्यातून काही परत येतंय का, याची जोडीदाराने दुपारपर्यंत खटपट केली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेला.

संध्याकाळी पुण्याला मुलीला फोन लावला.

"आईचं खातं तुम्ही कधीच उघडलं नाहीत?"

"टॅग होता ना."

"अहो बाबा, तो काढायला आता ती येणार होती का?"

 

मग मुलगीच म्हणाली, "मी पाहिलेत तिचे बुकमार्क. आजारी असताना ती मला दाखवायची. एक फोल्डर होता, 'ह्यांच्यासाठी' नावाचा."

"काय होतं त्यात?"

"सगळ्यात वर घोरणं थांबवायचे उपाय."

मी इतक्या जोरात हसलो की शेजारीण दारात आली. तिला हातानेच ठीक आहे म्हटलं. डोळे पुसले.

"आणि त्याच्या खाली?"

"आता आठवत नाही, बाबा. खूप होते. खाली सरकवत जावं लागायचं."