ओल्या फडक्यातला पारा

होसियतला रेशीमअळ्यांची किळस होती. मर्गिलान शहराच्या बाजूच्या त्या गावात तिच्याइतक्या अळ्या कुणी वाढवल्या नसतील, पण वर्षं गेली म्हणून किळस तसूभरही कमी झाली नाही. दर वसंतात घरातली सगळ्यात चांगली खोली, जिथे एरवी पाहुण्यांशिवाय कुणी पाय ठेवत नसे, ती गालिचे गुंडाळून रिकामी केली जायची. मग तिथे लाकडी फळ्यांच्या मांडण्या लागायच्या आणि त्यांवर या बोटाएवढ्या, पांढुरक्या, गार अंगाच्या अळ्या रात्रंदिवस तुतीचा पाला करकरत बसायच्या. माणसं ओसरीवर झोपायची. ओल्या पाल्याचा आणि अळ्यांच्या विष्ठेचा वास नानला लागायचा, चहाला लागायचा, केसांत जाऊन बसायचा.

"राण्या आत, आणि आपण बाहेर कुत्र्यांसारखे," असं म्हणून होसियत दारातच थुंकायची, आणि लगेच पदर खोचावा तशी बाह्या वर सारून आत शिरायची.

या किळसेला एक जुनं कारणही होतं. होसियत नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. तिची सासू कुम्री हिचा, अंडी देऊन कोष विकत घेणाऱ्या कोष-केंद्राच्या उबवणी यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. अंडी बाईच्याच उबेत फुटली पाहिजेत, हा तिचा हट्ट. म्हणून सुनेच्या सदऱ्यावर, जाड अंगरख्याच्या आत, अंड्यांची कापडी पिशवी बांधली जायची आणि पिशवीत एक लहानसा थर्मामीटर खोचलेला असायचा. दिवसातून कितीदा तरी कुम्री सुनेच्या छातीशी वाकून तो बघायची, जसं कुणी चुलीवरचं भांडं बघतं. एकदा बघितलं आणि ओरडलीच, "अगं सटवे, अंडी शिजवतेस का माझी?" पिशवी हिसकून तिने होसियतच्या नणंदेच्या गळ्यात बांधली. अंडी वाचली. होसियतला विषमज्वर झाला होता, हे कळायला पुढे बरेच दिवस गेले. तिचे केस मुठीमुठीने गळले. तापलेली सून कुम्रीला दिसली होती, स्वतःच्या डोळ्यांनी काचेवर दिसली होती, आणि तिने त्यातून फक्त अंडी उचलली. कुम्रीला जाऊन जमाना झाला, पण मांडण्यांपाशी गेलं की होसियतला आजही ते वाकलेलं डोकं दिसायचं. आपण अशी सासू होणार नाही, एवढं तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आता तिच्या घरातही सून होती. महलियो. मुलगा रशियात बांधकामावर, आणि त्याची बायको इथे पाला वाहायला. पोरगी अबोल. सासऱ्यासमोर डोक्याचा रुमाल भुवयांपर्यंत ओढून घ्यायची, आणि काही दुखलंखुपलं तर जीव गेला तरी बोलायची नाही. चांगल्या घरची सून बोलत नाही, असं तिला शिकवलेलं होतं.

त्या वर्षी अळ्यांनी शेवटची कात टाकली होती. आता आठवडाभर त्या जे खातील ते खातील, मग कोष विणायला लागतील. या दिवसांत पाला चुकला तर महिन्याची मेहनत मातीत. होसियतचा नवरा तुर्सुनअली शेजाऱ्याच्या छोट्या गाडीतून फांद्यांचे भारे आणत होता, महलियो ते उतरवत होती, होसियत मांडण्यांवर पसरत होती.

अशात कोष-केंद्राचा तपासनीस झोकिरजान आला. दारावर लाल मिरच्या टांगलेल्या, पडदा ओढलेला. परक्याची नजर अळ्यांवर पडू नये म्हणून सगळं गाव हे करतं. पण हा बूट न काढता सरळ आत. हातात पिस्तुलासारखा थर्मामीटर, कुठल्याशा साथीच्या वेळी वाटलेला. अळ्यांवर तो रोखून त्याने बटण दाबलं.

"वाहवा! हात न लावता, अंगावरची ऊब वरच्यावर टिपतो. तुमची ही भिंतीवरची लाल नळी फेकून द्या आता, काकू."

"तुम्ही आधी बुटाचा चिखल फेका," होसियत म्हणाली.

तेवढ्यात महलियो भारा घेऊन दारात आली आणि चौकटीला धडकली. भारा खाली पडला. तिचा रुमाल भिजलेला होता, पाटात बुडवून पुन्हा बांधलेला. ओठ सुकले होते.

"काय गं, काय होतंय?" होसियतने विचारलं.

"काही नाही, ओयी." ओयी म्हणजे आई, सासूला ती तसंच हाक मारायची.

"थांबा, सूनबाईंनाही तपासून टाकू!" झोकिरजान हसत म्हणाला. परका पुरुष समोर म्हणताच महलियोने मान आणखी खाली घातली, रुमाल आणखी पुढे ओढला. तो रुमाल मागे सार म्हणणं कुणालाच शोभलं नसतं, त्यालाही नाही. त्याने रुमालावरच नेम धरला. "पस्तीस आणि वर थोडं. तुमच्या अळ्यांपेक्षा ठणठणीत!"

तुर्सुनअली हसला. आणि होसियतला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. पाला उतरवायला माणूस हवं होतं ना.

"ऐकलंस ना? चल, उचल भारा," ती म्हणाली.

झोकिरजान चहा पिऊन, मूठभर बेदाणे खिशात कोंबून गेला. होसियत खोलीत परतली. भिंतीवर एका पाटीला दोन जुळे थर्मामीटर होते. एकाचा फुगा उघडा, दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी, आणि चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत. ओली चिंधी वाळता वाळता फुग्याला गार करते, म्हणून त्यातली रेघ नेहमी खाली राहते. दोघांतला फरक फार वाढला की समजायचं खोली कोरडी पडली, जमिनीवर पाणी शिंपडायचं. वाटी आटली होती. होसियतने तांब्यातून पाणी ओतलं. चिंधी भिजली, आणि तिच्या डोळ्यांदेखत लाल रेघ हळूहळू उतरू लागली. हवा तीच, खोली तीच. फक्त फडकं ओलं.

तिने तांब्या तिथेच ठेवला. महलियोचा रुमालही असाच भिजलेला होता.

माणसांचा थर्मामीटर कुठे होता? तो काही माणसांपाशी नव्हता. पाल्याच्या ढिगात खुपसलेला होता! ढीग आतून तापून कुजायला लागतो, ते बघायला. त्याच्या फुग्याच्या वर काच चिमटलेली असते, म्हणून चढलेला पारा बाहेर काढला तरी झटकल्याशिवाय उतरत नाही. अळ्यांच्या जेवणाची निगा राखायला याहून सोयीचा कोणता! होसियतने तो उपसला. काचेला हिरवट, सडका चिकटा लागला होता. तिला किळस आली. चिकट्याची नव्हे, स्वतःची.

महलियो अंगणात भाऱ्याला टेकून बसली होती. होसियतने काच सदऱ्याला पुसली, झटके देऊन पारा उतरवला, पोरीच्या काखेत धरला आणि तिचा हात वरून दाबून बसून राहिली. काखेतूनच कळत होतं, पण तिला ते काचेवर बघायचं होतं. सदतिसाच्या जागी पारा चाळिसाच्या पार गेला होता.

"कधीपासून?"

"परवापासून. श्वास घेतला की इथे टोचतं, ओयी. पण पाला..."

"अहो!" होसियत ओरडली. "गाडी काढा. हिला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचंय."

तुर्सुनअली गाडीपाशीच होता. "यंत्राने बघितलं की आत्ता! बरं, हा पाला तेवढा उतरवून घे. एकदा अळ्यांच्या पुढ्यात टाकला की निघू. त्या उपाशी मरतील."

"मरू देत."

"वेड लागलं का? कुम्री-आई असती तर..."

"असती तर हिच्या डोक्यावरचा भारा काढून माझ्या डोक्यावर दिला असता! माझी अंडी काढून तुमच्या बहिणीच्या गळ्यात बांधली तसा!" होसियत गाडीत चढली. फांद्यांचे भारे तिने एकेक करून बाहेर चिखलात फेकले. तुर्सुनअली हां-हां करत राहिला. शेवटचा भारा त्याच्याच छातीवर आदळला, तेव्हा तो गुमान गाडी चालवायला बसला.

महलियोच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. दवाखान्यात होसियत तिच्या उशाशी राहिली, घरी कोण काय खातंय याची चौकशी न करता. तुर्सुनअलीने एकट्याने जमेल तेवढा पाला टाकला. निम्म्याहून अधिक अळ्या काळ्या पडून लिबलिबीत झाल्या. तो वास वेशीपर्यंत येत होता. परतल्यावर होसियतने नाकाला फडकं बांधून त्या फावड्याने खड्ड्यात लोटल्या. झोकिरजान येऊन बरंच बोलून गेला. तिने त्याला चहाही विचारला नाही.

महलियो घरी आली त्या दिवशी चांगली खोली धुऊन, गालिचे अंथरून तयार होती. तिची गादी तिथेच घातली होती. सासरा दारात दिसताच पोरीने सवयीने रुमाल भुवयांपर्यंत ओढला.

होसियतने त्याच्यादेखतच तो मागे सारला आणि उघड्या कपाळावर तळहात ठेवला. कपाळ कोमट होतं, माणसाचं असतं तसं.