पहिला पेशंट आला तेव्हा

पहिल्याच दिवशी मी स्वतःचं हसं करून घेतलं. चंदनसारच्या एका हॉस्पिटलनं एक्मो मशीन घेतलं होतं आणि तिथल्या डॉक्टर-नर्सना ते शिकवायला मला बोलावलं होतं. माणसाचं हृदय किंवा फुफ्फुसं अगदीच दमली, की काही दिवस हे मशीन त्यांचं काम अंगाबाहेर करतं. जाड नळीतून काळपट रक्त बाहेर येतं, प्राणवायू घेऊन लाल होतं आणि परत आत जातं. शिकवताना पेशंट म्हणून रबरी पुतळा, आणि रक्त म्हणून खायचा लाल रंग घातलेलं पाणी. माझी पद्धत अशी, की सगळे चहाला गेले की गुपचूप कुठेतरी बिघाड करून ठेवायचा, आणि परत आल्यावर त्यांनी तो शोधायचा.

त्या दिवशी पलंगाखाली नळीला चिमटा लावला आणि मीही चहाला गेलो. सोबत गरम बटाटेवडे होते, त्यांच्या नादात चिमटा डोक्यातून साफ गेला. परत येऊन मोठ्या ऐटीत मशीन सुरू केलं, तर ते बोंबलायलाच लागलं. मी भडकलो. “कुणी हात लावला ह्याला?”

भुईगावच्या एक सिस्टर होत्या, वयानं माझ्याच बरोबरीच्या. त्या शांतपणे खाली वाकल्या. “चिमटा आहे, सर. तुम्हीच लावलात. मी पर्स घ्यायला परत आले होते, तेव्हा बघितलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“सर बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, असं सकाळी तुम्हीच सांगितलं ना.”

सगळा वर्ग पुतळ्याकडे बघत हसू दाबत होता. त्या दिवसापासून मी नियम उलटा केला. ज्याला चूक दिसेल त्यानं ‘थांबा’ म्हणायचं. समोर मोठा डॉक्टर असो, नाहीतर मी.

तीन महिने, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, मी जात होतो. मुंबईच्या ऑपरेशन थिएटरांत अशीच मशीनं चालवण्याची पंचवीस वर्षं पाठदुखीनं संपवली, तेव्हापासून हीच माझी नोकरी. शिकवायचं, निरोपाचा पुष्पगुच्छ घ्यायचा आणि दुसऱ्या गावी जायचं. घरात असे तीन-चार पुष्पगुच्छ प्लास्टिकसकट वाळत पडलेले असतात. इथं मात्र हॉस्पिटल घरापासून जवळ, म्हणून मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, “पहिला पेशंट आला, की मला फोन. जेवणावरून उठून येईन.” ती वेळ मी मनात कितीदा तरी पाहिली होती. मी दारातून आत येतो, सगळ्यांना हायसं वाटतं, ते वाट करून देतात. त्यासाठी फोन मी अंघोळीलासुद्धा खिडकीत ठेवत असे. बायको म्हणायची, “त्याला पण जरा साबण लावा.”

एका मंगळवारी वर्गात गेलो, तर पुतळा एकटाच पलंगावर. मशीन नव्हतं. मी वरच्या मजल्यावर आयसीयूत धावलो. काचेपलीकडे मशीन चालू होतं. तरुण डॉक्टर म्हणाले, “फ्लो साडेतीन.” भुईगावच्या सिस्टर म्हणाल्या, “फ्लो साडेतीन करते.” आणि झाल्यावर, “केला, साडेतीन.” अगदी मी शिकवलं तसं, शब्द न् शब्द. मी दार ढकलून आत पाऊल टाकलं.

“थांबा!” सिस्टर मान न वळवता, नुसत्या तिरक्या नजरेनं बघत म्हणाल्या. “टोपी नाही घातली.” मग त्यांनी वळून पाहिलं. “अय्या, सर तुम्ही!”

त्या बाहेर आल्या. रविवारी दुपारी एक बाळंतीण आली होती, न्यूमोनियानं दोन्ही फुफ्फुसं भरलेली. तिला लगेच मशीन लावलं, आणि आज तिला जरा बरं होतं.

“फोन नाही केलात,” मी शक्य तितक्या सहज म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. “सर, आईशपथ सांगते, लक्षातच आलं नाही कुणाच्या. रागावलात?”

“छे, छे! हेच तर पाहिजे होतं.”

टोपी घालून मी पलंगाभोवती एक फेरी मारली. खरं सांगतो, मी चूक शोधत होतो. नळ्यांच्या पट्ट्या पाहिल्या, चिमटे हाताशी आहेत का ते पाहिलं, वाकून पलंगाखालीही पाहिलं. एक चूक सापडेल तर शपथ. पलंगावरच्या त्या पोरीचं बोट तेवढं किंचित हललं. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. तिचा नवरा तिथंच होता, मांडीवर बाळाच्या दुपट्यांची पिशवी. तो जरा सरकला. “तुमचं कोण आहे आत?”

काय सांगणार? “आहेत ओळखीचे,” म्हणालो. त्यानं मला अर्धं बिस्किट दिलं. मी ते खाल्लं आणि निघालो. लिफ्टपर्यंत कुणी हाक मारली नाही.

घरी बायको मोड आलेले वाल सोलत बसली होती. मी सगळं हसत हसत सांगितलं, टोपीसकट. तिनं मध्ये एकदाच विचारलं, “ती बाळंतीण वाचेल ना?” मी म्हटलं, “वाचेल असं वाटतं.” मग मीही तिच्यासोबत वाल सोलायला बसलो.

“आपली लेक झाली, त्या दिवशी तुम्ही थिएटरात केसवर होतात,” ती वालाकडेच बघत म्हणाली. “मीसुद्धा दिवसभर फोनची वाट पाहत होते. तुमच्याही लक्षात आलं नव्हतं.”