शेवटच्या आरतीचा आवाज

“पयल्या आरतीला बरी म्हनते, शेवटच्या आरतीला नाकातून. इंग्लिश शालंतली हाय ना, कटालते आपल्या आरत्यांना.”

माझ्या मागेच कोणीतरी हे म्हणालं आणि दोघीतिघी हसल्या. नवरात्र होतं. अंजूरच्या आमच्या गावदेवीसमोर एकामागून एक आरत्या चालल्या होत्या आणि मी टाळ्या वाजवत उभी होते. वळून न बघताही मी आवाज ओळखला. शेजारच्या काकी. त्यांच्या शेतात आता गोदामं उभी आहेत, त्यामुळे त्या दिवसभर मोकळ्या असतात आणि गावातल्या प्रत्येकावर त्यांचं लक्ष असतं. मी तशीच टाळ्या वाजवत राहिले. त्या संध्याकाळी देवीकडे मी फार काही मागितलं नव्हतं. ‘बरं कर’ असं मागून थकले होते. मला झालंय तरी काय, एवढं कळू दे, इतकंच म्हटलं होतं. आणि ऐकायला मिळाला हा टोमणा. घरी येईपर्यंत कसंबसं रडू आवरलं.

तोवर बरेच महिने माझं काहीतरी बिघडत चाललं होतं. राहनाळच्या एका गोदामाच्या ऑफिसात मी फोनवर ऑर्डर घेते. दुपारनंतर समोरचे लोक “मॅडम, नीट बोला” म्हणू लागले होते. संध्याकाळी डावी पापणी खाली यायची. अर्धी भाकरी चावून होईतो जबडा दमायचा. मी मुळातच कमी बोलणारी. ऑफिसात मला शिष्ट समजत आणि घरी लाजरी, त्यामुळे माझा आवाज जातोय हे कोणाला वेगळं जाणवलंच नाही. आई मला भिवंडीतल्या डॉक्टरांकडे न्यायची. मला गर्दीत बसावं लागू नये म्हणून ती सकाळी लवकर जाऊन पहिला नंबर लावायची. डॉक्टर तपासायचे तेव्हा पापणी जागेवर असायची आणि आवाज स्वच्छ. एकाने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, एकाने चष्म्याचा नंबर बदलला, एकाने आईला विचारलं, “लग्नाचं काही टेन्शन आहे का हिला?” हळूहळू मलाही वाटू लागलं की हे सगळे माझ्या मनाचे खेळ असावेत. देवळात हात जोडताना तीच शंका सगळ्यात जास्त छळायची.

नवरात्रानंतर आम्ही मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मज्जातंतूंच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. तिथेही आईने सकाळचा पहिला नंबर मिळवला होता. माझ्या वतीने नेहमीप्रमाणे तीच बोलत होती. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले, सगळं ठीक होतं, आणि त्या काहीतरी लिहायला लागल्या. आता पुन्हा टॉनिक, असं मनात आलं आणि माझ्याही नकळत तोंडातून निघून गेलं, “पहिल्या आरतीला माझा आवाज बरा असतो. शेवटच्या आरतीला नाकातून येतो.” शब्द काकींचेच होते. मला स्वतःला ते असे क्रमाने कधी मांडता आले नव्हते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आरत्या पाठ आहेत?”

“हो.”

“मग म्हण. वर छताकडे बघत. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही.”

खोलीत चारपाच शिकाऊ डॉक्टर उभे होते. एरवी अशा ठिकाणी मला स्वतःचं नावसुद्धा मोठ्याने सांगवत नाही. पण मी म्हणू लागले. तिसऱ्या आरतीच्या मध्यावर आवाज नाकात घसरला, पापणी खाली आली, आणि पहिल्यांदाच कोणीतरी ते होताना पाहिलं. आई हळूच म्हणाली, “म्हणजे मी हिला नेहमी चुकीच्या वेळी आणत होते.”

तपासण्या झाल्यावर नाव कळलं, मायस्थेनिया ग्रेव्हिस. फार थोड्यांना होणारा आजार. यात नसांनी स्नायूंना पाठवलेला निरोप वाटेत अडतो. स्नायू वापरला की दमतो, विसावला की पुन्हा चालतो. गोळ्यांनी थोडा आराम पडला, पुरेसा नाही. मग डॉक्टरांनी तिथे चाललेल्या एका संशोधनाबद्दल सांगितलं. काहींना नवं औषध मिळणार होतं, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कोणाला काय मिळतंय हे संशोधन संपेपर्यंत मला कळणार नव्हतं आणि त्यांनाही नाही. नेहमीच्या गोळ्या चालूच राहणार होत्या आणि मला केव्हाही बाहेर पडता येणार होतं. मी विचार करायला वेळ मागून घेतला. देणाऱ्यालाही ठाऊक नसलेली गोष्ट घ्यायची कशी, हे मला उमगत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी एकटीच गावदेवीला गेले. गुरवाने तीर्थ देण्यासाठी पळी उचलली, मी हात पुढे केला, आणि लक्षात आलं की लहानपणापासून त्यात काय आहे हे मी एकदाही विचारलेलं नाही. औषध म्हणजे तीर्थ नव्हे, हे मला कळतं. डॉक्टरांना विचारायचे होते ते सगळे प्रश्न मी नंतर विचारले आणि मगच सही केली. पण विचारून झाल्यावरही जे अज्ञात उरतं, ते शांतपणे हातावर घेण्याचं बळ मला त्या गाभाऱ्यासमोर मिळालं.

आज मी बरीच बरी आहे. हे नव्या औषधाने, जुन्या गोळ्यांनी की आणखी कशाने, मला माहीत नाही. संशोधन अजून संपलेलं नाही. पूर्वी मला न कळलेल्या गोष्टीशी सतत झगडावंसं वाटायचं. आता ती तिच्या जागी राहू शकते. नक्की कोणाचे आभार मानायचे हे कळत नाही, म्हणून मी सगळ्यांचेच मानते. फक्त एक नाव राहून गेलं होतं.

यंदाच्या नवरात्रात माझा आवाज शेवटच्या आरतीपर्यंत टिकला. आरती संपल्यावर काकी माझ्याकडे वळल्या. “काय गो, यंदा शेवटपरत आवाज हाय तुझा. गेल्या साली तर कटालायचीस.”

एरवी मी नुसती हसले असते आणि चपला घालून निघाले असते.

“काकी, गेल्या वर्षी माझ्या मागे उभ्या राहून तुम्ही जे बोललात ना, ते मी ऐकलं होतं.”

त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांचा हात हातात घेतला.

“बरं झालं बोललात.”