गुणाकाराआधीचे त्रेपन्न

७ मार्च २०२४. माणसे सहाशे बारा, त्यांपैकी अडतीस.

हा अडतीसचा आकडा नंदा सरदेशपांडे यांनी तीनदा काढला आणि तिन्ही वेळा तोच आला. लंडनमधल्या एका प्रयोगशाळेत त्या चोवीस वर्षे रक्त तपासत होत्या. सात वर्षांपूर्वी तेथे उच्च रक्तदाब असलेल्या, आफ्रिकी वंशाच्या सहाशे बारा लंडनवासीयांचा अभ्यास झाला होता. रक्तातल्या कोणत्या खुणा हृदयविकाराची आगाऊ चाहूल देतात, हे त्यातून पाहायचे होते. मूत्रपिंड किती काम करते, ही त्यांतली एक खूण. त्या काळी फॉर्मवर वंशाचा चौकोन असे. त्यात टिक केली की संगणक मूत्रपिंडाचा आकडा एक पूर्णांक सोळा शतांशाने गुणून वाढवी. कृष्णवर्णीयांचे स्नायूच जास्त, म्हणून त्यांचा आकडा उगाच कमी दिसतो, असे गृहीत धरलेले होते. २०२१मध्ये हा गुणाकार देशाच्या मार्गदर्शक सूचनांतून गेला. दिलेले निकाल मात्र तसेच राहिले. साठाखालचा आकडा म्हणजे मूत्रपिंड दुबळे; अशी अडतीस माणसे गुणाकाराने साठावर चढली होती आणि ‘मूत्रपिंड ठीक’ असे पत्र घेऊन बसली होती.

चौकोनातल्या टिका नंदाताईंच्या हातच्या होत्या.

अभ्यासाची आकडेमोड पाहणारा रघुवीर मूळचा नागपूरचा. त्याने पूर्ण ऐकून घेतले.

“ताई, आपल्या रिसर्च पेपरला करेक्शन टाकू. फुटनोट.”

“फुटनोट पेशंट वाचतो का रे?”

“प्रोजेक्ट क्लोज झालाय. नावांची यादी सील आहे. आता पत्रं पाठवली तर नुसतं पॅनिक होईल. आणि तुम्ही रिटायर होताय जुलैत; कशाला अंगावर घेता?”

“अंगावर घेत नाहीये. ते अंगावरच आहे.”

“मग बसा घेऊन,” रघुवीर म्हणाला. पण नजर त्याने पडद्यावरून काढली नाही.

त्या आठवड्यात नंदाताईंना एका जागी बसवेना. घरी जाताना हॅरोला उतरायचे सोडून त्या दोन स्टेशने पुढे गेल्या. डबा ट्रेनमध्ये राहिला. अडतीसांपैकी एकच माणूस त्यांना चेहऱ्याने ठाऊक होता. त्याचा पहिला नमुना खराब निघाला म्हणून त्यांनीच त्याला पुन्हा बोलावले होते: ओफोरी, हाउन्सलोकडचा बसचालक. त्याचे नाव उघड करणे नियमाबाहेर होते. त्याला त्याचाच आकडा सांगणेही.

तीन गुरुवार त्या त्याच्या बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत गेल्या आणि न बोलता उतरल्या. चौथ्या गुरुवारी ओफोरीनेच इंजिन बंद केले.

“सिस्टर, तुम्ही माझं रक्त दोनदा घेतलंत. आता तिसऱ्यांदा हवंय?”

“हवंय. पण मला नको, तुमच्या फॅमिली डॉक्टरला द्या.” आणि त्यांनी सगळे सांगितले. चौकोन, टिक, त्रेपन्नाचे झालेले एकसष्ट.

“स्नायू?” ओफोरीने स्टिअरिंगला टेकलेल्या पोटाकडे पाहिले. “सव्वीस वर्षं या सीटवर आहे. हे दिसतंय ना, तेवढंच कमावलंय.”

नंदाताईंना हसू आले नाही. त्यानेही मग हसू आवरले.

“पत्र आलं तेव्हा बायकोला म्हटलं, बघ, किडनी ठणठणीत. पाठ दुखते म्हणून रोज इबुप्रोफेन घेतो. वर्षाची तपासणीही सोडली.”

“त्या गोळ्या किडनीला बाधतात; आजच बंद करा.”

“बाकीचे किती?”

“सदतीस.”

“त्यांच्याही बसने जाणार?”

त्याने दार उघडले.

मे महिन्यात ओफोरीचा निकाल आला: सेहेचाळीस. गोळ्या थांबल्या आहेत, रक्तदाबाचे औषध बदलले आहे. सात वर्षांत गेले ते परत येणार नाही, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले. नियम मोडल्याचे नंदाताईंनी स्वतःच्या सहीने संशोधनाच्या नीतिसमितीला कळवले आणि उरलेल्यांना पत्रे पाठवण्याची मागणी केली. नियमभंगाची चौकशी चार दिवसांत सुरू झाली. मागणीचा अर्ज ‘मिळाला’, एवढेच उत्तर आले.

जुलैत त्या निवृत्त झाल्या. सदतीस माणसांना त्यांचा खरा आकडा देणे बाकी आहे.