शिळेवरचे कुत्रे

आमची सून इंग्लंडची. आपल्या माहेरच्या कुळातील एका मध्ययुगीन सरदारपत्नीचा शोध ती गेले कित्येक महिने घेत आहे. घराण्याच्या इतिहासात त्या बाईचा बाप सापडतो, दोन नवरे सापडतात, त्यांच्या गढ्या आणि लढायाही सापडतात. तिचे नाव मात्र कोठेच नाही. काल सुनेने तिच्या थडग्याचे छायाचित्र पाठवले. शिळेवर बाई नवऱ्याशेजारी हात जोडून आडवी कोरलेली आहे. खाली नवऱ्याचे नाव, पुढे ‘आणि त्याची पत्नी’. तिच्या पायाशी एक कुत्रे आहे, आणि त्या कुत्र्याचे नाव मात्र सुबक अक्षरांत कोरले आहे.

“कुत्र्याला नाव आणि बाईला नाही! काय लोक आहेत!” मी वैतागून म्हणालो.

पत्नीने चष्मा लावून चित्र पाहिले. “निदान कुत्र्याचं नाव लग्नात कुणी बदललं नाही.”

त्यांचा दगड बाईचे नाव विसरला. आपल्याकडे ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहितात. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजतात, पण नाव जन्मभर टिकते.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. वंशवृक्षात ती आमचीही फांदी जोडत होती.

“बाबा, आईचं नाव काय लिहू?”

“सुमती.”

“ते तुम्ही ठेवलेलं,” आतून आवाज आला. “तिला माझं हवंय.”

मी फोन तिच्या हाती दिला.

“द्वारका,” ती म्हणाली. आणि परक्या कानाला नीट कळावे म्हणून एकेक अक्षर सुटे करून पुन्हा म्हणाली.