देवीसाठी आणलेल्या चपला

हा अनुभव लिहावा की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. देवाचं कुणी काही सांगितलं की आधी शंका घ्यायची सवय मला लागली होती.

आईचे गुडघे झिजले होते. आमच्या धाड गावाहून बुलढाण्याला नेलं, सांधा बदलायची तारीख मिळाली, आणि आईनं परस्पर देवीला नवस केला की नवा सांधा बसेपर्यंत अनवाणी राहीन. ऑपरेशनआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी तिची टाच पाहिली. भेगेत पू झाला होता. शुगर वाढलेली, तोंडात तंबाखू. त्यांनी शांतपणे समजावलं की एवढ्याशा जखमेतले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात आणि तिथं धरले की सहजासहजी निघत नाहीत; शुगर आणि तंबाखूमुळं जखमही लवकर भरत नाही. टाच बरी होईपर्यंत ऑपरेशन नाही.

आईनं गोळ्या सुरू केल्या, तंबाखूही सोडली. चपला मात्र घालेना. ऑपरेशनाशिवाय नवस फिटणार नव्हता आणि चपलांशिवाय टाच भरणार नव्हती. मी चिडले, रडले. ती म्हणाली, "तुह्या पुस्तकात देवीले देल्या शब्दाचं काही लिहेल हाय का?"

एका मंगळवारी देवळाच्या पायरीवर मलकापूरकडच्या एक अनोळखी बाई बसल्या होत्या. मांडीवर नव्या चपला. सांधा नीट बसला तर देवीला चपला वाहीन, असा त्यांचा नवस होता. आईची टाच पाहून त्यांनी विचारलं, आईनं सगळं सांगितलं. त्यांनी लुगडं जरा वर करून गुडघ्यावरचा व्रण दाखवला.

"म्या पायाचा फोड लपोला होता, बाई. नवा सांधा काढून पुन्हा बसवा लागला."

मग त्या हळूच उठल्या, चपला देवीच्या उंबऱ्याला लावल्या आणि आईच्या पायांपुढं ठेवल्या. "आता ह्या देवीच्या झाल्या. ते देऊन राह्यली, तर तिले नाही म्हणशीन का?"

आईनं चपलेत पाय सरकवला. माप तिचंच होतं. ते माप पुष्कळ बायांचं असतं, हे मला कळतं.

टाच भरली, शुगर उतरली, ऑपरेशन झालं, टाके कोरडे निघाले. त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. शरण जाणं म्हणजे आपलाच शब्द धरून बसणं नव्हे, एवढं मला समजलं आहे. आई अजून दर मंगळवारी देवळात जाते. पायरीखाली काढलेल्या चपला परतताना आधी कपाळाला लावते, मग पायात घालते.