कडक ग्रुपचा फ्लेक्स

शिवाजी पेठेतल्या शाळेत मराठी शिकवायला लागल्यापासून मला किस्से शोधावे लागत नाहीत. मधल्या सुट्टीत ते आपणच भांडत भांडत स्टाफरूममध्ये येतात. त्यातले निम्मे एकट्या कडक ग्रुपचे. कडक ग्रुप म्हणजे आमच्या दहावी ब मधली पोरं, आणि म्होरक्या संग्राम.

*

एकदा मारामारीत वर्गाची काच फुटली. "ग्रुपात कोण कोण आहे?" हेडसर आठवडाभर विचारत होते. एकही पोर बोलेना.

"आमच्यात गद्दार न्हाय, सर," संग्राम म्हणाला.

सोमवारी त्याचा वाढदिवस. शाळेच्या गेटवर हा मोठा फ्लेक्स! मध्ये गॉगल लावलेला संग्राम आणि खाली अठरा शुभेच्छुक, फोटो आणि पूर्ण नावासकट.

हेडसर शिपायाला म्हणाले, "सोडवून आण तो. हजेरी घेऊया."

अठराजणांचे पालक येऊन गेले. संग्रामला शेवटची ताकीद मिळाली: आणखी एक भांडण, की शाळा सोडल्याचा दाखला हातात. तो हातात पडला तर हा पोरगा दहावीला बसत नाही, हे मला माहीत होतं. माझी झोप उडाली. त्याची नाही.

*

ग्रुपचं हे वेड पाचवीपर्यंत पोचलं. तिघांनी ग्रुप काढला, तिघंही अध्यक्ष.

"मग सभासद कोण?" मी विचारलं.

"बाकीच्यास्नी घरातनं सोडत न्हाईत, बाई."

*

फुटबॉलच्या मॅचवरून दुसऱ्या शाळेच्या पोरांनी संग्रामला मारामारीला बोलावलं. शनिवारी अकरा वाजता, मैदानात.

मी म्हटलं, "शनिवारी अकराला माझा जादा तास आहे."

"बाई, टाइम दिलाय की त्यास्नी. शब्द हाय."

"मग त्यांनाही इकडंच घेऊन ये."

अकराला दोन्ही टोळ्या वर्गाच्या दारात हजर. मी सगळ्यांना बसवलं आणि निबंध दिला, 'माझा मित्र'.

त्यांचा म्होरक्या उठला. "आम्ही पावणं हाय. आमालाबी लिवायचं व्हय?"

त्यानंही लिहिला. मग मी सगळ्यांना भजी खाऊ घातली. पुढच्या शनिवारी पाहुणे आमच्या पोरांच्या आधी येऊन बसले होते.

*

संग्राम दहावी पास झाला, बेचाळीस टक्के. त्याचा पेढा तोंडात असतानाच मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर नवा फ्लेक्स. गॉगल तोच. खाली तेच अठरा शुभेच्छुक, आणि शेवटच्या ओळीत एकोणिसावा फोटो, टाय लावलेला. हेडसरांचा.

मी वळून बघितलं. हेडसर मागेच उभे होते, फ्लेक्सकडे निरखून बघत.

"बाई," ते म्हणाले, "फोटो जरा जुना दिला काय हो मी?"